राइया केर्त्तुलाचे खांब

राइया केर्त्तुला माझी जोडीदार होती. कामातली. घरची बायको वेगळी, आणि तिला राइया माझ्यापेक्षा जास्त आवडते. ओउलू शहराच्या उत्तरेकडच्या गावांत आम्ही आधी टेलिफोनच्या तारा ओढल्या, मग त्याच तारा उतरवल्या, मग मोबाइलचे मनोरे उभे केले आणि शेवटी हान्हिपेराच्या रस्त्यावर ते बारके खांब रोवले. ती वर चढायची, मी खाली असायचो. वयाने मी मोठा, पण वर कोण चढणार हे वयावर ठरत नाही. हात कुणाचा स्थिर आहे, यावर ठरतं.

तिच्याबद्दल लिहितोय कारण काम बिघडवणाऱ्यांबद्दल भरपूर लिहिलं जातं. काम नीट करणाऱ्यांच्या वाट्याला तेवढं येत नाही.

राइयाचा बाप नदीवर मासे पकडायचा. जाळी स्वतः विणायचा आणि पोरीकडूनही विणून घ्यायचा. एखादी गाठ सैल निघाली तर तेवढीच नीट करून भागत नसे, ती सगळी ओळ उसवावी लागे. त्यामुळे राइयाने आवळलेली गोष्ट सुटत नाही. तिने वर पट्ट्याने आवळलेल्या ओझ्याखाली मी निम्मं आयुष्य उभा राहिलो आहे, म्हणून हे बोलण्याचा मला अधिकार आहे.

ती कमी बोलते. कॉफीत चीजचे तुकडे टाकते, ते मऊ होईपर्यंत गप्प बसते, मग खाते, मग कामाला लागते. त्या वेळात तिला काही विचारलं तर ती ऐकते, पण उत्तर कामावर परतल्यावर देते.

आमच्या कामात वर चढणं लोकांना दिसतं. खरं काम खाली असतं. आमच्याकडे हिवाळ्यात जमीन माणसाच्या छातीइतकी खोल गोठते. गोठली की फुगते, आणि आत जे रोवलंय ते वर ढकलते. बर्फ वितळल्यावर रस्त्याकडेची कुंपणं बघा, दारू पिऊन घरी निघाल्यासारखी उभी असतात. खांब सरळ राहायला हवा असेल तर खड्डा गोठणाऱ्या जमिनीच्या खाली जायला हवा. नकाशात खोली लिहिलेली असते. राइया त्याहून खोल जायची. दलदलीच्या जागी खड्ड्यात पाणी भरतं, मग तिथे पंप लावून, मांडीपर्यंतचे बूट घालून फावडं चालवावं लागतं. एकदा ती डोक्यासकट आत दिसेनाशी झाली तेव्हा क्रेनवाला वरून ओरडला, "राइया, खाली वाफेच्या आंघोळीची सौना बांधतेस का?"

"बांधली तरी तुला बोलावणार नाही. बादली ओढ."

हान्हिपेराच्या रस्त्याची गोष्ट अशी. गावाची बस बंद झाली होती, कारण चालवायला माणूस मिळेना. मग ओउलूच्या विद्यापीठाने आणि रस्ते खात्याने मिळून ठरवलं की या रस्त्यावर स्वतःची स्वतः चालणारी बस सोडायची. बसला वळणापलीकडचं दिसत नाही. तिकडे एल्क हरीण उभं आहे, की ट्रॅक्टर आडवा आहे, की कुणी पोर सायकलवरून येतंय, हे तिला रस्त्याकडेच्या खांबांनी सांगायचं. खांबावर एक कॅमेरा आणि पावाएवढा एक रेडिओचा डबा. बसला पुढच्या दोन कोपऱ्यांत आणि मागे अँटेना. आम्ही त्यांना कान म्हणायचो. खांब सतत बोलणार, बस सतत ऐकणार. डोळ्याची पापणी लवेपर्यंतसुद्धा ऐकू आलं नाही तर बस जागच्या जागी थांबणार. थांबणं हेच तिला शिकवलेलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

विद्यापीठाकडून वेन्ला नावाची इंजिनियर यायची. वयाने तरुण, हातमोजे नेहमी गाडीत विसरलेली. पहिला डबा बसवला तेव्हा तिने राइयाला एक गंमत दाखवली. डब्यासमोर तिने आपला उघडा तळहात धरला. तिच्या लॅपटॉपवरची हिरवी रेघ धपकन खाली आली. हात काढला, रेघ वर.

"हाताने अडते?" राइयाने विचारलं.

"हाताने, पाल्याने, ओल्या कपड्याने. जुन्या मनोऱ्याची लहर लांब असते, ती भिंतीतून जाते. ही लहर मिलिमीटरभर. एका क्षणात ढीगभर सांगते, पण वाट मोकळी लागते."

"आणि वाट मोकळी असली तर?"

"तर हिच्यासारखी दुसरी नाही."

राइयाने डब्याकडे थोडा वेळ बघितलं. "मग खांब हलायला नको," ती म्हणाली.

"अजिबात नको. लहर टॉर्चच्या झोतासारखी बारीक आहे. खांब जरा कलला की झोत भलतीकडे."

"माझा कलत नाही," राइया म्हणाली. तिने हे फुशारकी मारून सांगितलं नाही. आज गुरुवार आहे, हे सांगावं तसं सांगितलं.

आम्ही ते खांब शरद ऋतूत रोवले. सगळे नदीच्या अंगाला, कारण वीज त्या बाजूला आधीच आलेली होती. दुसऱ्या बाजूला नुसती दलदल. हिवाळाभर बस रिकामी फिरवून बघितली. वेन्ला खूश होती. जूनमध्ये तपासनिसासमोर शेवटची चाचणी ठरली. अशा कामाला दोघांचा होकार लागतो, तपासनिसाचा आणि खांब बसवणाऱ्याचा. बसवणाऱ्याचा होकार लोक गृहीत धरतात.

चाचणी युहान्नुसच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी होती. उन्हाळ्याच्या त्या सणाला आम्ही बर्चची कोवळी झाडं कापून दाराच्या दोन्ही बाजूंना उभी करतो. घराला, सौनाला, होडीला, बसला. गरज पडली तर चाक हातात घ्यायला म्हणून बसमध्ये कालेवी असायचा, गावाचा जुना, आता निवृत्त ड्रायव्हर. त्याने सकाळी दोन बर्च तोडून आणले आणि सुतळीने कसेबसे अडकवू लागला.

"सोड," राइया म्हणाली. "पहिल्या वळणावर पडतील."

"पडले तर उचलू."

"माझ्या रस्त्यावर नको."

तिने आमच्या गाडीतून मनोऱ्यावर वापरायचे पट्टे आणले. वेन्लाने झाड धरून दिलं. राइयाने दोन्ही बर्च बसच्या पुढच्या दोन कोपऱ्यांना असे आवळले की वादळातही खोड जागचं हललं नसतं. तपासनीस योर्माने फोटो काढला. त्याच्या गाडीत सॉसेजची पिशवी आणि कुत्रा होता. त्याला दुपारपर्यंत आपल्या तळ्याकाठच्या झोपडीवर पोचायचं होतं. पाऊस भुरभुरत होता.

बसमध्ये एकच प्रवासी होती, आउने. आयुष्यभर गाई सांभाळलेली, रस्त्याच्या अगदी शेवटच्या घरात एकटी राहणारी. बस बंद झाल्यापासून दुकानाला चालत जायची. चाचणीला येऊ का, असं तिने विचारलं नव्हतं. ती येऊन बसली होती.

सरळ रस्त्यावर बस छान गेली. पहिल्या वळणाला थांबली. कालेवीने हाताने पुढे काढली. दुसऱ्या वळणाला पुन्हा थांबली. तिसरं वळण दलदलीतलं, तिथे तर मधोमध उभी राहिली आणि हलेना.

"चालत गेले असते तर एव्हाना माझी कॉफी झाली असती," आउने म्हणाली.

योर्मा आपल्या गाडीतून खाली उतरला आणि वळणावरच्या खांबाकडे मान तिरकी करून बघू लागला. आम्हीही मागून आमच्या गाडीतून येत होतो. "वळणांवरच थांबते," तो म्हणाला. "वळणांवर जमीन मऊ आहे. बर्फ वितळला, जमीन बसली, खांब कलले. राइया, हे दर वर्षीचं आहे."

"दुसऱ्यांचं असेल."

"यंत्र सांगतंय."

"यंत्र म्हणतंय, मी थांबले. का थांबले ते म्हणत नाहीये."

"मी नापास लिहितो. सुट्टीनंतर सावकाश बघू."

मी राइयाकडे बघितलं. नापास एकदा लिहिलं की कुणी ते मागे घेत नाही. खांब उपटले जातात, काम दुसऱ्याकडे जातं. आणि राइया केर्त्तुलाने रोवलेले खांब पहिल्याच वसंतात कलले, ही बातमी पार लॅपलँडपर्यंत पोचते. आमच्या धंद्यात माणसाकडे दाखवायला दुसरं काही नसतं. जे उभं केलंय ते उभं आहे की नाही, एवढंच.

"आधी बघू दे," ती म्हणाली. "कलला असेल तर मीच उपटून नेईन. तुला लिहायची तसदी नको."

योर्माने घड्याळ बघितलं, मग कुत्र्याकडे बघितलं. "बघ."

तिने दलदलीतल्या खांबापासून सुरुवात केली. ओळंबा सोडला. लेव्हल चारही बाजूंनी लावली. शिडीवरून वर गेली, डब्याचा प्रत्येक नट पान्याने तपासला. खांब सरळ. दुसऱ्या वळणाचा सरळ. पहिल्याचा सरळ. एव्हाना ती पावसाने निथळत होती. ती पुढच्या खांबाकडे निघाली.

"तीन बरोबर निघाले की," योर्मा म्हणाला. "पुरे."

"चौथा मी अजून बघितलेला नाही."

योर्मा माझ्याकडे वळला. "तेउवो, ही नेहमी अशीच?"

"आज जरा घाईत आहे," मी म्हणालो.

ती चौथ्या खांबावर असतानाच वेन्लाने बसच्या दारातून हाक मारली. ती एवढा वेळ लॅपटॉपवर मान खाली घालून बसली होती. "राइया, खाली ये. खांब नीट बोलतायत. बसला ऐकू येत नाहीये. मागचा कान ठीक आहे, म्हणून सरळ रस्त्यावर निभावलं. वळणावर मागचा खांब झाडांआड जातो आणि तिथे पुढचे कान लागतात. पुढचे दोन्ही कान बहिरे आहेत."

"काल?"

"काल उत्तम होते."

आम्ही सगळे बसच्या पुढे जाऊन उभे राहिलो. राइया, मी, वेन्ला, योर्मा, कालेवी. दोन कोपऱ्यांत दोन बर्च, भरगच्च, हिरवेगार, पावसात भिजून जड झालेले. त्यांच्या मागे कुठेतरी अँटेना होते.

सकाळपासून आम्ही सगळे त्या बससमोरून दहा वेळा गेलो असू. पण युहान्नुसला बसला बर्च बांधलेले आम्हाला दिसत नाहीत. बांधले नसते तर दिसलं असतं.

"मी तोडून आणले," कालेवी म्हणाला.

"मी धरून दिले," वेन्ला म्हणाली. कानापर्यंत लाल झाली होती. "पाला म्हणजे निव्वळ पाणी. हे मी शिकवते. वर्गात शिकवते."

"माझ्याकडे फोटो आहे," योर्मा म्हणाला.

"बांधले मी," राइया म्हणाली. "पट्टे माझे, गाठ माझी. बस मी थांबवली. तसं लिही."

कालेवीने मान हलवली. "सुतळीने बांधले असते तर पहिल्या वळणावर पडले असते आणि आपण आत्ता सौनात असतो."

बर्च सोडायला वेळ लागला, कारण राइयाने बांधले होते. कापून फेकून द्या, असं योर्मा म्हणताच आउनेने आतून काच ठोकली. युहान्नुसला बर्च नसलेल्या बसमधून ती जाणार नव्हती. मग राइयाने बर्च बसच्या मागच्या दाराशी, कान सोडून बांधले. बस पुन्हा निघाली आणि रस्त्याच्या शेवटापर्यंत गेली. वळून परतही आली. कुठेही थांबली नाही. कालेवीचे हात मांडीवर होते.

योर्माचा चेहरा उजळला. "माझ्याकडून होकार. सोमवारपासून बस सुरू. राइया, तुझा?"

"नाही."

त्याला वाटलं, ती थट्टा करतेय. राइया थट्टा करते तेव्हाही तोंड तसंच असतं, त्यामुळे त्याची चूक नाही.

"तुझे खांब पास झाले, बाई," तो म्हणाला. "सरळ आहेत. माझंच चुकलं. आणखी काय हवंय?"

राइया वेन्लाकडे वळली. "ओला बर्फ कानांवर चिकटला तर?"

वेन्लाने बसच्या पुढच्या कोपऱ्यांकडे बघितलं. "गेल्या हिवाळ्यात बर्फ कोरडा होता," ती म्हणाली. "ओला बर्फ पाल्याहून वाईट. खांब दोन्ही अंगांना असले तर भागेल. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा खांब बसच्या मागच्या कानालाही दिसत राहतो. एक वाट बंद पडली तर दुसरी उरते. मी ते सुरुवातीलाच मांडलं होतं. पुढे कधीतरी बघू, असं ठरलं."

"मग पुढे कधीतरी होकार देईन."

"राइया," योर्मा म्हणाला, "सगळं गाव बसची वाट बघतंय."

"आज दोन झाडांनी बस थांबली. झाडं काढली, बस चालली. रस्त्यात काय बदललं? नोव्हेंबरात बर्फ काढायला मी प्रत्येक वळणावर उभी राहू?"

आउने बसमधून उतरून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "म्हणजे माझी बस?"

"हिवाळ्यात."

"आणि मी तोवर टिकले नाही तर?"

"तू टिकशील. तुला माझ्याशी भांडायचं आहे."

"भांडेन," आउने म्हणाली आणि घराकडे चालू लागली. कालेवीने बसमधून सोडतो म्हटलं तर तिने हात झटकला.

तो उन्हाळा राइयासाठी सोपा नव्हता. पास झालेलं काम हिने स्वतः अडवलं, हे लोकांच्या पचनी पडेना. दुकानात कुणीतरी विचारायचं, "काय राइया, आज कुठली बस बंद केलीस?" आउने रस्त्याने जाताना आमच्या गाडीजवळ मुद्दाम थांबायची, पिशवी खाली ठेवायची, दम खायची, आम्ही बघतोय याची खात्री करायची आणि मग पुढे जायची. राइयाने एकदा तिला गाडीत बस म्हटलं. "बसची वाट बघतेय," आउने म्हणाली.

मला विचाराल तर मलाही सुरुवातीला ते जास्तच वाटलं होतं. मी तसं तिला बोललो. ती कॉफी पीत होती. उत्तर तासाभराने, शिडीवरून आलं. "खांब उभा असून बस थांबत असेल, तर खांब कशाला?"

पण तिच्या नकारामुळे जे पुढे कधीतरी होणार होतं ते ऑगस्टमध्ये मंजूर झालं. योर्माने त्यासाठी बरीच धावपळ केली, हेही लिहायला हवं. सप्टेंबरात आम्ही दुसऱ्या अंगाला खणायला लागलो. ते माझं कामाचं शेवटचं वर्ष, आणि सगळ्यात अवघड खड्डे मी त्या वर्षी बघितले. फावडंभर काढावं तर दोन फावडी चिखल परत आत. खड्ड्याच्या भिंती फळ्यांनी अडवायच्या, पंप चालू ठेवायचा, खाली कठीण रेती लागेपर्यंत जायचं. एका खड्ड्यात जुन्या झाडाचा बुंधा निघाला, पाण्यात राहून लोखंडासारखा झालेला. क्रेनवाला म्हणाला, खांब वीतभर बाजूला घेऊ. वेन्लाने मोजून सांगितलं की वीतभराने वळणाची वाट झाकली जाईल. राइया कुऱ्हाड घेऊन उतरली. तो बुंधा तिने तुकड्यातुकड्याने बाहेर काढला. संध्याकाळी तिला हाताची मूठ मिटता येत नव्हती. मी थर्मासचं झाकण उघडून दिलं. त्या वेळी तिने माझे आभार मानले, म्हणजे हात खरंच दुखत असणार.

वेन्लाही रोज यायची. हातमोजे आणायला शिकली. काँक्रीट ओतताना खांब धरायला माणूस कमी पडला तर ती धरायची, आणि सांगितल्याशिवाय सोडायची नाही. राइयाला एवढं पुरतं. जमीन गोठायच्या आत शेवटचा खांब उभा राहिला.

चाचणीचा दिवस राइयाने निवडला. योर्माने दोनदा फोन केला होता. दोन्ही दिवशी आकाश निरभ्र होतं, आणि दोन्ही वेळा ती म्हणाली, "आज नाही." नोव्हेंबरात एका सकाळी आकाशातून अर्धं पाणी आणि अर्धा बर्फ पडायला लागला. लागेल तिथे चिकटणारा, अंगरखा ओला करून वर गोठणारा. माणसाने घरात बसावं असा दिवस. तिने योर्माला फोन लावला. "ये."

बसचं तोंड गावातून बाहेर पडेपर्यंतच पांढरं झालं होतं. पुढच्या कोपऱ्यांत बर्फाचे गोळे धरले होते. कालेवीने विचारलं, पुसू का. "हात लावू नकोस," राइया म्हणाली आणि आमच्या गाडीतून पुढे गेली. आम्ही दलदलीतल्या वळणावर उतरलो. ती रस्त्याच्या कडेला, दोन खांबांच्या मध्ये उभी राहिली. हात खिशात. मी तिला मनोऱ्यावर वाऱ्यात बघितलंय, तेव्हाही ती एवढी ताठ उभी नव्हती.

बस आली. वेग कमी केला, जेवढा वळणाला करायला हवा तेवढाच. मला वाटलं, थांबणार. थांबली नाही. आमच्या समोरून वळली, चाकांनी आमच्या अंगावर चिखल उडवला आणि पुढे गेली. राइयाने तोंडावरचा चिखल पुसला नाही. बस शेवटच्या घराशी पोचून परत येईपर्यंत ती तिथेच उभी होती.

परत आल्यावर बस तिथल्या थांब्याशी उभी राहिली, कारण आता तिने थांबायचं होतं. वेन्ला आधी उतरली. "पुढचा उजवा कान अर्धा रस्ता बंद होता," ती म्हणाली. "इथे, या वळणावर, डावाही गेला. मागच्याने बाहेरचा खांब धरला. बसला कळलंसुद्धा नाही."

योर्मा तिच्यामागे उतरला. या वेळी त्याला कुठे जायची घाई नव्हती. "बसवणाऱ्याचं काय म्हणणं आहे?" त्याने नीट विचारलं.

"होकार," राइया म्हणाली.

शेवटी आउने उतरली. तिचं घर मागे राहिलं होतं, इथे उतरायचं तिला काही कारण नव्हतं. ती राइयासमोर आली.

"एवढ्यासाठी उन्हाळाभर मला चालवलंस?"

"हो."

आउनेने दलदलीकडच्या नव्या खांबाकडे बघितलं, खालपासून वरपर्यंत. मग पाय उचलला आणि बुटाने त्याला एक सणसणीत लाथ घातली. वरच्या डब्यावरचा बर्फ खाली पडला. खांब हलला नाही.

"बरा रोवलाय," ती म्हणाली.

"सगळेच तसे रोवलेत," राइया म्हणाली.